बाळ २४ दिवसांचं आहे, तीन दिवस झाले शी नाही. काळजी कधी करायची?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा २४ दिवसांचा, फक्त अंगावरचं दूध. शी करायच्या आधी लालबुंद होतो, पंधरा-वीस मिनिटं कुंथतो, रडतो आणि मग होते ती पिवळी, मऊ. आता तीन दिवस शीच नाही. सासूबाई म्हणतात एरंडेलात बुडवून विड्याच्या पानाचा देठ लावू आणि घुटी सुरू करू.

मी तीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात सिस्टर होते, आता निवृत्त आहे. तुझ्याएवढी मुलगी आहे मला, म्हणून अगंतुगं करते, रागावू नकोस.

आधी उत्तर देते. बाळ नेहमीसारखं ओढून पीत असेल, दिवसरात्र मिळून सहा-सात दुपटी चांगली ओली करत असेल, पोट हाताला मऊ लागत असेल आणि उलटी हिरवी नसेल, तर आज रात्री कुठे धावायची गरज नाही. देठ नको, घुटीही नको. पण उद्या सकाळी बाळाचं वजन करून घे. शी किती दिवस झाली नाही यापेक्षा मला तो वजनाचा आकडा हवाय.

कारण बाळाचं वय. नुसत्या अंगावरच्या दुधावरचं बाळ पहिल्या महिन्या-सव्वा महिन्यात साधारण दिवसातून तीन-चार वेळा तरी शी करतं, काही तर प्रत्येक पाजण्यामागे एकदा. या वयात शी अचानक कमी झाली की पहिली शंका दुधाची घ्यायची. वरून गेलंच नाही तर खालून येणार काय? सहा आठवड्यांनंतर मात्र तेच बाळ सात-आठ दिवस, कधी दहा दिवससुद्धा शी न करता मजेत खेळतं आणि मग एकदम दुपट्याबाहेर जाईल एवढी मऊ शी करतं. तेव्हा ते चालतं. तुझं बाळ अजून त्या पहिल्या टप्प्यातच आहे, म्हणून वजन.

जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, दहा टक्क्यांपर्यंत उतरलं तरी डॉक्टर नुसतं लक्ष ठेवतात. दोन आठवड्यांपर्यंत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं आणि पुढे रोज वीस-तीस ग्रॅम वाढायला हवं. म्हणजे २ किलो ८०० चं बाळ चौदाव्या दिवशी पुन्हा २ किलो ८०० वर आलं असेल, तर आज ते तीन किलोच्या थोडं पुढे दिसावं. बाळाला उघडं करून वजन कर, आणि दर वेळी एकाच काट्यावर. मेडिकलमधला मोठ्यांचा काटा यासाठी उपयोगाचा नाही. गावाकडे असशील तर आशाताईंकडे बाळांचा काटा असतो. त्यांच्या घरभेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ठरलेल्या असतात. पण अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत थांबू नकोस, उद्याच बोलाव. वजन वाढलेलं नसेल, तर औषध शीचं नाही, पाजण्याची पद्धत बघावी लागेल. बाळाच्या तोंडात नुसती बोंडी येतेय की भोवतालचा काळा भागही, हे कुणातरी जाणत्या सिस्टरला समोर बसवून बघायला सांग.

आता कुंथण्याविषयी. लाल होणं, पाय पोटाशी घेणं, किंचाळणं, आणि एवढं सगळं करून बाहेर काय येतं, तर मोहरीच्या चटणीसारखी पातळ पिवळी शी. हा खडा नव्हे. शी करायला दोन कामं एका वेळी करावी लागतात: पोटाने जोर लावायचा आणि खालची जागा सैल सोडायची. मोठ्यांना ते कळतही नाही. बाळाला मात्र अजून ते जमत नाही. जोर लावतं आणि नेमकी त्याच वेळी जागा आवळून धरतं. रडतं कारण रडल्याने पोटात दाब वाढतो. काही दिवसांत, काही आठवड्यांत आपोआप जमतं. पोरं चालायला शिकताना पडतात तसंच हे.

देठाला माझा विरोध आहे तो इथे. देठ लावला की शी होते, हे मीही नाकारत नाही. म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या तो टिकलाय. पण बाळ जे शिकतंय त्यात आपण मध्येच हात घालतो आणि मग ते देठाची वाट बघायला लागतं. शिवाय ती त्वचा किती नाजूक! साबणाची सळी घातलेल्या बाळाची जागा सोलवटून लाल झालेली मी पाहिली आहे. तेव्हा ते बाळ खरोखरच शी धरून ठेवायला लागलं, कारण आता त्याला दुखत होतं. ग्लिसरीनची कांडीसुद्धा डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. करायचंच असेल तर बाळाला उताणं ठेवून पाय सायकलसारखे हळू फिरव, गुडघे पोटाशी आण, आणि पाजून झाल्यावर थोडा वेळ तसंच मांडीवर घे. दूध पोटात गेलं की आतडी हलतात, तीच शीची वेळ.

खडा म्हणजे काय हेही सांगते, कारण हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. शी शेळीच्या लेंड्यांसारखी कोरडी, सुटी, कधी वर रक्ताची रेघ, आणि करताना बाळ कळवळतंय, तर तो खडा. नुसत्या अंगावरच्या दुधावर हे क्वचित होतं. डब्याच्या पावडरवर होतं, आणि अनेकदा पावडर दाट कालवली म्हणून. बाळ गुटगुटीत व्हावं म्हणून शिगोशीग चमचा घालणाऱ्या आज्या मी पाहिल्या आहेत. आधी पाणी मोजायचं, मग डब्यातल्याच चमच्याने सपाट चमचे, डब्यावर लिहिलंय तेवढेच.

घुटीबद्दल सासूबाईंशी भांडू नकोस. माझ्या घरी अजून सहाण आहे. मुरुडशेंग, हिरडा, सुंठ, वेखंड, जायफळ, हळकुंड, सगळं डबीत आहे. माझ्या सासूबाई किती वळसे उगाळायचे ते बोटांवर मोजायच्या. पण पहिले सहा महिने आईचं दूध आणि डॉक्टरांनी दिलेले थेंब सोडून काहीही नको, पाणीसुद्धा नाही. सहाणेवरचे जंतू पोटात जातात, एवढंसं पोट पाण्याने भरतं आणि तेवढं दूध कमी पितं. आणि घुटीत मध असेल तर अजिबात नाही. एक वर्षाच्या आत मध दिला तर क्वचित त्यातल्या जंतूंचं विष बाळाच्या आतड्यात तयार होतं. त्या आजाराचं पहिलं लक्षण बहुतेकदा काय असतं, माहीत आहे? शी बंद होणं. पुढे मान लुळी पडते, रडणं क्षीण होतं. म्हणजे पोट साफ व्हावं म्हणून जे चाटवायचं, त्यानेच ते बंद पडायचं. सासूबाईंना हे माझ्या नावावर सांग, तुझ्या नको. घरात शांतता राहील.

आता माझं सांगते, म्हणजे मी नुसती शहाणपणा करतेय असं वाटणार नाही. माझा नातू सात आठवड्यांचा असताना आठ दिवस शी करेना. वजन उत्तम, हसतोय, पितोय. जावयाने फोनवर तक्ता ठेवला होता आणि त्यात आठ दिवस शून्य. लेकीला मी दिवसभर सांगत होते, थांब, काही होत नाही. रात्री दोनला तो कुंथायला लागला. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि पूजेच्या तबकातल्या विड्याच्या पानाकडे माझाच हात गेला. तीस वर्षांची सिस्टर! लेक मागे उभी होती. नुसतं "आई" म्हणाली. पान ठेवलं. नवव्या दिवशी सकाळी साहेबांनी लंगोट, दुपटं, माझी साडी, सगळं एकदम भिजवलं.

पण 'थांब, काही होत नाही' हे मी आयुष्यात एकदा चुकीच्या ठिकाणी म्हटलेलं आहे. तीही गोष्ट लिहायलाच हवी.

बाळाची पहिली शी काळी-हिरवी असते, चिकट, डांबरासारखी, पुसता पुसत नाही. पूर्ण दिवसांच्या बहुतेक बाळांना ती चोवीस तासांत होते, आणि अठ्ठेचाळीस तासांत जवळजवळ सगळ्यांना. तीन-चार दिवसांत ती हिरवट होत जाते आणि पाचव्या दिवसाच्या आसपास पिवळी. पुढे दिवस मोजायचं सोडलं तरी चालेल, या पहिल्या शीला मात्र घड्याळ लावायचं असतं. आम्ही राऊंडला प्रत्येक खाटेपाशी विचारायचो, "शी-शू झाली का?" एका आईने "हो" म्हटलं, मी कागदावर खूण केली. दुसऱ्या दिवशीही "हो", दुसऱ्या दिवशीही खूण. तिची आई म्हणाली पोट जरा फुगलंय, मी म्हटलं गुबारा धरला असेल, थांबा. तिसऱ्या दिवशी त्या बाळाने शेवाळासारखी हिरवी उलटी केली. तेव्हा नीट विचारलं तर कळलं, फक्त शू झाली होती. शी एकदाही नाही. "हो" खरंच होतं, माझा प्रश्नच जोडीने विचारलेला होता.

त्या बाळाला मोठ्या रुग्णालयात पाठवलं. आतड्याच्या शेवटच्या भागात आतडं हलवणाऱ्या मज्जापेशीच नव्हत्या. हिर्शस्प्रुंग म्हणतात त्या आजाराला, डेन्मार्कच्या ज्या डॉक्टरांनी १८८६ मध्ये त्याचं वर्णन केलं त्यांच्या नावावरून. साधारण पाच हजार बाळांत एकाला होतो, मुलग्यांत जास्त. आतड्याचा तो तुकडा सैलच सुटत नाही, मग त्याच्या मागे शी आणि वारा साठत जातो. गुदाशयाचा बारीकसा तुकडा काढून तपासला की निदान पक्कं होतं, आणि तो भाग काढून चांगलं आतडं खाली जोडतात. त्या बाळाला आधी काही महिने पोटावरून शीची वाट काढून दिली होती, मग मोठं ऑपरेशन. बाळ वाचलं. मी त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत शी वेगळी आणि शू वेगळी विचारली, आणि शक्यतो दुपटं स्वतः उघडून पाहिलं.

म्हणून तुला विचारते: तुझ्या बाळाला पहिली काळी शी कधी झाली होती? डिस्चार्ज कार्डावर बघ, आईला विचार. दोन दिवसांच्या आत झाली असेल तर ही चिंता बरीच कमी होते. उशिरा झाली असेल आणि आता पुन्हा अडतेय, तर उद्या वजनासाठी नुसत्या काट्यावर नको, बालरोगतज्ज्ञांकडेच जा आणि हे वाक्य त्यांना पहिलं सांग.

रात्र आहे म्हणून थांबायचं नाही, अशा गोष्टी या. उलटी हिरवी, फाटलेल्या दुधासारखी पांढरी नव्हे, पोपटी किंवा शेवाळी हिरवी. एकदा झाली तरी पुरे, कारण आतड्याला पीळ पडलेला असू शकतो आणि तिथे तासांचा हिशेब असतो. पोट ढोलकीसारखं ताणलेलं, चकाकणारं. बाळ पिणं सोडतंय, उठवलं तरी नीट उठत नाही. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर. एवढ्या लहान बाळाला घरी तापाचं औषध देऊन वाट बघायची नसते. शीत रक्त. बोंडीला चीर पडून ते रक्त दुधाबरोबर बाळाच्या पोटात गेलं तरी शी काळपट होते, पण ते ठरवू दे डॉक्टरांना. यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन कर. जिल्हा रुग्णालयात एवढ्या लहान बाळांसाठी वेगळा कक्ष असतो, एसएनसीयू म्हणतात, आणि सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार मोफत असतात.

आणखी एक, जे कुणी विचारत नाही कारण शी तर रोज होत असते. रंग. पिवळी, हिरवी, तपकिरी, सगळं चालतं. शाडूच्या मातीसारखी फिकट, पांढुरकी शी चालत नाही. त्यात डोळे पिवळे आणि शू दुपट्यावर पिवळा डाग सोडते, असं चौदा दिवसांनंतरही दिसत असेल तर यकृतातून पित्त येण्याची वाट बंद असू शकते. त्याचं ऑपरेशन साधारण दोन महिन्यांच्या आत झालं तर चांगलं लागू पडतं, म्हणून "कावीळ आहे, उन्हात धरा" यावर आठवडे घालवायचे नाहीत. दुपटं दिवसाच्या उजेडात बघ. पिवळ्या बल्बखाली सगळंच पिवळं दिसतं.

उद्या वजन झालं की तो आकडा, जन्माचं वजन आणि पहिली शी कधी झाली ते इथेच खाली लिही. मी दुपारी चारनंतर बघते.