मनाउसची ऑर्डर: नकाशातल्या रस्त्यावर भरवसा ठेवू नका

दादा, तुमची पोस्ट वाचली. कंटेनर ऑक्टोबरअखेर ब्राझीलमधल्या मनाउस या नदीकाठच्या शहराला पोहोचणार, नदीला पाणी कमी असलंच तर तिथल्याच पोर्तो वेल्यो शहराहून ट्रकने नेऊ, असं तुम्ही लिहिलंय. अगदी हीच ओळ मी 2023 मध्ये कोल्हापूरजवळच्या शिरोलीतून पंप-केसिंगच्या (पंपाच्या बाहेरच्या कवचाच्या) कोटेशनखाली टाकली होती.

एलसी (बँकेचं हमीपत्र), इन्शुरन्स, पॅकिंग तुम्हाला सांगायला नको. थेट रस्त्याचं बोलतो.

पोर्तो वेल्यो ते मनाउस हा रस्ता, बीआर-319, नकाशात आहे, सुमारे 885 किलोमीटर. 1976 ला सुरू झाला आणि 1988 पर्यंत उखडून बंद पडला. मधला चारेकशे किलोमीटरचा पट्टा मातीचा, पावसात ट्रक रुततात. कोरड्या दिवसांत माती वाळते, म्हणून मी समजलो, नदी आटली की रस्ता मोकळा. माझी चूक ती हीच. त्या रस्त्यावरचे दोन पूल 2022 ला कोसळलेले, तिथं ट्रक फेरीबोटीतून पलीकडं जायचे, दाभोळला जातात तसे. आणि मनाउसात शिरायला ॲमेझॉनच ओलांडावी लागते, जिच्या मुख्य पात्रावर एकही पूल नाही. पाणी उतरलं की फेरीबोट धक्क्याला नीट लागत नाही. म्हणजे तो रस्तासुद्धा नदीच्याच पाण्यावर चालतो.

त्या ऑक्टोबरात मनाउसची नदी, रिओ नेग्रो, 12.70 मीटरवर आली. 2021 च्या पुरात तीच 30.02 वर होती! मोठी जहाजं वर जाईनात. माझा कंटेनर बेलेंजवळ वीला दो कोंदेला उतरवला आणि पाच आठवडे तिथंच. मुंबईच्या फॉरवर्डरच्या (माल पाठवणाऱ्या एजंटच्या) ऑफिसात रोज फोन करायचो, रोज एकच उत्तर, "सर, ट्रान्झिटमध्ये दिसतंय." शिपिंग लाइनची लो-वॉटर सरचार्जची (पाणी कमी म्हणून जादा आकाराची) नोटीस त्यांच्या मेलमध्ये आधीच येऊन पडली होती. मला कुणी सांगितलं नाही. अजून आठवलं की संताप होतो. मी डीएपीवर (माल गिऱ्हाइकाच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत खर्च-जोखीम आपली, या अटीवर) सही केलेली, त्यामुळं डिटेन्शन (कंटेनर अडकून राहिल्याचा आकार) आणि सरचार्ज सगळं माझ्या गळ्यात. वर्षाचा नफा तिथं गेला.

शेवटी माल बार्जने (सपाट तळाच्या मालबोटीने) गेला. गिऱ्हाइकानं फोटो पाठवला होता: उताराच्या चिखलावर फळ्या टाकलेल्या, त्यावरून चार माणसं आमचं खोकं चढवतायत, खोक्यावर आमच्या पेंटरचा पिवळा बाण तेवढा दिसतोय.

मी लॉजिस्टिकवाला नाही, फौंड्रीवाला आहे. चार कंटेनरचा अनुभव, तेवढाच धरा. पण माझं मत पक्कं आहे: मनाउसला डीएपी देऊच नका, सीआयएफवर (भाडं-विमा आपला, पण जोखीम माल जहाजावर चढेपर्यंतच) थांबा. तिथं पाणी साधारण जूनला सगळ्यात जास्त आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला सगळ्यात कमी असतं, त्यामुळं माल जुलै-ऑगस्टला पोहोचेल असा पाठवा. मला इथून दोनेक महिने लागले. आपण पावसाळ्यात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याचे 39 फूट (इशारा), 43 फूट (धोका) बघत बसतो, तशीच मनाउस बंदराची रोजची पातळी बघत जा, नेटवर असते.

आणि हो, मशीनिंग केलेल्या फेसना (सपाट बाजूंना) व्हीसीआय, म्हणजे गंजरोधक, पिशवी घाला, नुसतं तेल पुरत नाही. माझे दोन फ्लँज गंजूनच पोहोचले.

कोटेशन गेलं नसेल तर ती ट्रकची ओळ आजच काढा. गेलं असेल तर गिऱ्हाइकाला उद्या सकाळी फोन करा, मेल नको.