क्रॅपी मासा पकडायला पहिला रॉड कोणता घ्यावा?

डॅलसला येऊन तुम्हाला सहा महिने झालेत, ऑफिसातली मंडळी मार्चमध्ये क्रॅपीला जाणार आहेत आणि दुकानातले शंभरेक रॉड बघून तुम्ही रिकाम्या हातानं परत आलात, असं तुम्ही लिहिलंय. आधी उत्तर देते: साडेसहा फुटांचा, ‘लाइट’ पॉवरचा, ‘मॉडरेट फास्ट’ ॲक्शनचा स्पिनिंग रॉड (ज्याला रील खालच्या बाजूनं लटकतं तो) आणि त्यावर १००० नंबरचं छोटं रील. आता कारण सांगते. ते एकदा कळलं की दुकानात कुणाला विचारायची गरज राहत नाही.

क्रॅपीचं तोंड उघडून बघा. ओठामागची कातडी इतकी पातळ असते की उन्हात धरली तर पलीकडचा उजेड दिसतो. इथले लोक त्याला ‘पेपरमाउथ’ म्हणतात. गळ त्या पापुद्र्यात रुततो. हिसका जोरात बसला की पापुद्रा फाटतो आणि मासा गेला. मी देवगडची. लहानपणी बाबांबरोबर खाडीवर गरवायला जायचे. बांबूची काठी, तंगूस आणि गरीला कोळंबी. तांबोशीनं ओढलं की सगळा जोर लावून हिसका द्यायचा, नाहीतर ती खडपात शिरायची. तीच सवय घेऊन मी टेक्ससमध्ये आले, आणि वर हातात बास माशासाठीचा सात फुटी ताठ रॉड. डॅलसजवळच्या लेक लाव्हॉन तळ्यावर एका सकाळी पाच मासे अगदी काठापर्यंत आणले आणि पाचही सुटले. दोर तुटला नव्हता, गळही सरळ झाला नव्हता. पाचही वेळा तोंड फाटलं होतं. हा मासा साधारण अर्ध्या-एक पौंडाचा, त्याला ताकद लागतच नाही. त्याच्या तोंडाला सांभाळून घेईल असा रॉड लागतो.

रॉडवर मुठीच्या जरा वर बारीक अक्षरांत सगळं छापलेलं असतं. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो ते. ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो ते: फास्ट असेल तर फक्त शेंडा वाकतो, मॉडरेट असेल तर निम्म्यापर्यंत कमान होते. मासा डोकं झटकतो तेव्हा तो झटका ही कमान पिऊन टाकते, तोंडापर्यंत पोचू देत नाही. त्याच ओळीत जिगचं, म्हणजे गळालाच वजनाचं डोकं जोडलेल्या छोट्या आमिषाचं, वजन दिलेलं असतं, ते नक्की वाचा. क्रॅपीचं जिग १/१६ किंवा १/३२ औंसाचं, म्हणजे दोन ग्रॅमपेक्षाही हलकं. ताठ रॉड एवढ्या वजनानं वाकतच नाही, आणि वाकला नाही तर जिग फेकायला जोर येणार कुठून? ते चार हातांवर पडतं. तेव्हा १/३२ ते १/४ औंस आणि ४ ते ८ पौंडांचा (म्हणजे तेवढा ताण पेलणारा) दोर असं छापलेलं असेल तो घ्या.

मग ‘अल्ट्रालाइट’च का नको, असं तुम्ही विचाराल. तोही चालतो, मासा खेळवायला मजा येते. पण क्रॅपी राहतो बुडालेल्या झाडोऱ्यात, धक्क्यांच्या खांबांपाशी. फार लिबलिबीत रॉडनं त्याला फांद्यांतून बाहेर काढता येत नाही, तो दोर गुंडाळून घेतो. म्हणून पहिला रॉड लाइटच.

कार्बनचा, म्हणजे ग्रॅफाइटचा, की फायबरग्लासचा? ग्रॅफाइट हलका, अंगठ्यापर्यंत चावा कळवतो, पण गाडीच्या दारात सापडला की गेला. फायबरग्लास जड आणि मंद, पण रांगडा. दोन्ही मिसळलेले रॉड मिळतात, अग्ली स्टिक त्यातलाच. नवख्याला तो बरा. निवडताना मूठ तुम्ही धरा आणि सोबतच्या माणसाला शेंडा हलकेच खाली ओढायला सांगा. कमान कुठे सुरू होते ते बघा. दोर ओवायच्या रिंगांमधून कापसाचा बोळा फिरवा, कुठे अडकला तर ती रिंग तडकलेली आहे.

काही लोक दहा-बारा फुटी लांब काठ्या घेऊन येतील, त्या बघून गोंधळू नका. होडीत बसून, बुडालेल्या खोडाच्या अगदी शेजारी जिग सरळ खाली सोडायला त्या असतात. लेक फोर्क तळ्यात तशी उभी झाडं पुष्कळ आहेत. मला ती काठी हातात घेतली की थेट देवगड आठवतं, आणि आता माझ्याकडे तीही आहे. पण तुम्ही काठावरून फेकणार असाल तर सध्या नको.

दोर चार किंवा सहा पौंडांचा, डोळ्यांना दिसेल असा पिवळा घ्या. क्रॅपी बऱ्याचदा खालून वर येऊन जिग तोंडात घेतो, त्यामुळे ओढ जाणवतच नाही, उलट दोर सैल पडतो. फ्लोट लावला असेल तर तो बुडण्याऐवजी आडवा होतो. तेवढं दिसलं की मनगट हलकेच वर उचला, बस्स. जिगही माशांच्या जरा वरच ठेवा, कारण तो वर बघून खातो. रीलचा ड्रॅग, म्हणजे दोर सुटायला अडवणारा ब्रेक, इतका सैल ठेवा की हातानं ओढल्यावर दोर सहज सुटेल.

टेक्ससमध्ये १७ वर्षं पूर्ण झालेल्यांना परवाना लागतो, मात्र स्टेट पार्कच्या काठावरून पकडायला लागत नाही. बहुतेक तळ्यांवर किमान लांबी १० इंच आणि दिवसाला २५ मासे; काही तळ्यांचे नियम वेगळे आहेत, जाण्याआधी त्या तळ्याचं पान वाचून घ्या.

आणि रॉडबरोबरच लांब दांड्याची छोटी जाळी घ्या. माझे ते पाचही मासे मी रॉडनं उचलून काठावर घेताना सुटले होते. पाण्यातून वर उचलला की माशाचं सगळं वजन त्या एका पापुद्र्यावर येतं. तो पाण्यात असतानाच जाळी त्याच्या खाली न्या.