ऊसबिल विचारलंत का? रिटर्न भरून देणाऱ्यांची प्रश्नपेटी

सीझन आला की आपल्या लोकांचे प्रश्न पण वाढतात, आणि या वेळी बरेचसे प्रश्न नवीन पोरापोरींचे आहेत ज्यांनी दोन-तीन वर्षांपूर्वी आयकर रिटर्न भरून द्यायचं टेबल टाकलंय. सगळ्यांना जागा देता येत नाही, पण जे चारचौघांना अडतंय ते घेतलंय. नावं छापलेली नाहीत, गाव तेवढं दिलंय.

प्रश्न (करवीर): सर, माझे बरेच क्लायंट झेडपीचे शिक्षक आहेत. फॉर्म १६ (पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला) घेऊन येतात, मी आयटीआर-१ (पगारदारांचा साधा रिटर्न फॉर्म) भरून देतो. परवा एकाच्या बँक स्टेटमेंटमध्ये कारखान्याचे पैसे दिसले. तो म्हणतो शेतीला टॅक्स नसतो, दाखवायची काय गरज? काय करू?

भावा, बरं झालं स्टेटमेंट बघितलंस. शेतीच्या उत्पन्नावर टॅक्स नाही हे खरं, पण दाखवायचं नाही असं कुठंच म्हटलेलं नाही. शेतीचं निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर गेलं की आयटीआर-१ चालत नाही, पगारदाराला आयटीआर-२ मध्ये जावं लागतं. आणि आपल्याकडं अर्धा एकर ऊस असला तरी ५,००० च्या वर जातंच की.

शेतीवर टॅक्स नसला तरी बाकीच्या उत्पन्नाचा टॅक्स काढताना ती रक्कम हिशोबात धरतात, फरक कुठं पडतो ते आकड्यात बघ. समज मास्तरांचं स्टँडर्ड डिडक्शन वगैरे जाऊन करपात्र उत्पन्न १० लाख, नवीन रिजीम, वर्ष २०२५-२६. नुसत्या पगारावर स्लॅबने टॅक्स ४०,०००, तो ८७ए च्या रिबेटमध्ये (ठराविक उत्पन्नापर्यंत मिळणारी टॅक्समाफी) उडाला, भरायचं शून्य. आता उसाचं निव्वळ ५ लाख धर. दोन्ही मिळून १५ लाख, त्यावर टॅक्स १,०५,०००. मग शेतीचे ५ लाख अधिक बेसिक सूट ४ लाख म्हणजे ९ लाख, त्यावरचा टॅक्स ३०,०००. वजा केलास की ७५,००० राहतात. करपात्र उत्पन्न १० लाखच असल्यामुळं रिबेट मिळतो पण तो जास्तीत जास्त ६०,०००, म्हणजे १५,००० आणि सेस धरून १५,६०० भरायचे. ऊस ३ लाखाचा असता तर हीच बेरीज बरोबर ६०,००० वर येते आणि सगळं रिबेटमध्ये जातं. म्हणजे दोन मास्तर, पगार सारखा, आणि एकाला शून्य आणि दुसऱ्याला १५,६००. हे न विचारता तू सांगू शकत नाहीस.

आणखी एक, यात आपली लोकं हमखास चुकतात. बँकेत जमा झालेली रक्कम म्हणजे ऊसबिल नव्हे. विकास सोसायटीच्या पीककर्जाची वसुली कारखान्यातनंच कापून येते, त्यामुळं खात्यावर ८० हजार दिसले तरी बिल दोन लाखाचं असू शकतं. कारखान्याची बिलाची पावती मागव, त्यातली एकूण रक्कम घे आणि मग खर्च वजा कर: बी-बियाणं, लागवड, खत, पाणीपट्टी, मजुरी, पीककर्जाचं व्याज. कर्जाची मुद्दल खर्चात धरायची नाही, ते त्यानं घेतलेलेच पैसे परत केलेत. निव्वळ ५ लाखाच्या वर गेलं तर फॉर्ममध्ये जमीन कुठल्या जिल्ह्यात, पिनकोड, क्षेत्र किती, स्वतःची की खंडानं, बागायत की जिरायत हे पण विचारतात, तेव्हा सातबारा घेऊनच ये म्हणून आधीच सांगून ठेव.

दूध बिल मात्र शेतीत टाकू नकोस. म्हशीच्या दुधाचं उत्पन्न हे शेती उत्पन्न नाही, ते करपात्रच आहे, खर्च वजा करून दाखवायचं. गुऱ्हाळवाल्यांचं पण तसंच बघावं लागतं, कारण उसाला आपल्या भागात बाजार आहेच, त्यामुळं गूळ केल्याशिवाय ऊस विकताच येत नाही असं म्हणता येत नाही. मग उसाच्या बाजारभावाइतका भाग शेतीचा आणि गूळ करून जी वाढ झाली ती धंद्याची. गुळाचे सौदे झाले की पट्टी (विक्रीची पावती) हातात मिळते, ती पण जपून ठेवायला सांग.

प्रश्न (इचलकरंजी): क्लायंटच्या एआयएसमध्ये (आयकर पोर्टलवरचं वार्षिक माहितीपत्रक) सगळं व्याज येतंच ना, मग पासबुकं कशाला बघायची? वेळ जातो.

सगळं येत नाही, म्हणून बघायची. पतसंस्था सभासदाला देते त्या व्याजावर टीडीएस बऱ्याचदा कापलेलाच नसतो, त्यामुळं ते २६एएसमध्ये (टीडीएसच्या नोंदीत) सापडत नाही आणि एआयएसमध्ये पण सापडेल याचा भरवसा नाही. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात गल्लीगल्लीत पतसंस्था आहेत आणि रिटायर झालेल्या माणसाच्या ठेवी बँकेपेक्षा तिथंच जास्त असतात. टीडीएस कापला नाही म्हणजे करपात्र नाही, असा अर्थ होत नाही. उलट पण होतं, जॉइंट खात्याचं व्याज बायकोचं असतं आणि दिसतं नवऱ्याच्या एआयएसमध्ये, अशा वेळी एआयएसवरच फीडबॅक द्यायची सोय आहे, ती द्या आणि स्क्रीनशॉट फाईलला लावा. नुसतं गप्प वगळून टाकू नका.

प्रश्न (कागल): मी एमआयडीसीतल्या कामगारांची रिटर्न भरतो. काही जण म्हणतात की दुसरा एक जण रिफंड काढून देतो, आणि रिफंडच्या टक्क्यावर फी घेतो. मी नाही म्हटलं की कामं जातात. या वर्षी वीस-पंचवीस जण गेले. खरंच सांगा, मी चुकतोय का?

नाही चुकत. हे पत्र मी दोनदा वाचलं, कारण वीस-पंचवीस कामं जाणं म्हणजे काय ते मला कळतं, त्यात घरभाडं असतं, पोरांची फी असते.

रिफंड काढून देणं म्हणजे काय असतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. राजकीय पक्षाला देणगी ८०जीजीसी, नसलेलं घरभाडं (एचआरए), नसलेलं शिक्षणकर्ज, नसलेल्या आजाराचं ८०डीडीबी. १४ जुलै २०२५ ला आयकर खात्यानं देशभरात १५० ठिकाणी याच कारणावरून तपासणी सुरू केली, आणि तेव्हा जे हातात लागले ते क्लायंट नव्हते, ते रिटर्न भरून देणारे होते. त्याच वर्षीपासून फॉर्ममध्ये ८०सीला (बचतीची वजावट) पॉलिसी किंवा खात्याचा नंबर, ८०डीला (आरोग्यविमा) विमा कंपनी आणि पॉलिसी नंबर, कर्जाला बँकेचं नाव आणि खातं असं सगळं मागायला लागलेत. आकडा टाकून मोकळं व्हायचे दिवस गेले.

कामगाराला मात्र भीती घालून उपयोग नाही, त्याला हिशोब सांग. समज ४०,००० चा खोटा रिफंड आला. उत्पन्न चुकीचं दाखवलं असं ठरलं तर कलम २७०ए खाली दंड टॅक्सच्या २०० टक्के, म्हणजे ८०,०००, वर मूळ ४०,००० आणि व्याज. आणि त्याच्याकडून टक्का घेऊन गेलेला माणूस यातलं काही भरत नाही. रिटर्न कामगाराच्या पॅनवर आहे, व्हेरिफिकेशन कामगाराच्या ओटीपीनं झालंय. खोटं रिटर्न भरायला मदत करणाऱ्यावर कलम २७८ खाली खटला होऊ शकतो हे आपण आपल्यापुरतं लक्षात ठेवायचं. टक्क्यावर फीचं म्हणाल तर सीएंना त्यांच्या नियमानं ती घेताच येत नाही, बाकीच्यांनी पण घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण रिफंडवर फी ठरली की आपला हात आपोआप रिफंड वाढवायला जातो.

आणि जे गेलेत त्यातले काही परत येतील, नोटीस घेऊन येतील. तेव्हा त्यांना सुनवू नकोस. चहा दे, आणि सांग की आधीची रिटर्न दुरुस्त करायला अपडेटेड रिटर्न आहे, संबंधित असेसमेंट इयर (कमाईच्या वर्षाच्या पुढचं वर्ष) संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत भरता येतं. जादा टॅक्स लागतो, पहिल्या वर्षात २५ टक्के, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ६०, चौथ्यात ७०. जितकं लवकर तितकं स्वस्त. मात्र त्या वर्षाची असेसमेंट (खात्याची तपासणी) सुरू झाली असेल तर हा रस्ता साधारण बंद होतो, म्हणून नोटीस कुठल्या कलमाची आहे ते आधी वाच, आणि पत्रावर डीआयएन (खात्याचा पत्रक्रमांक) आहे का ते पोर्टलवर तपासून घे, हल्ली खोट्या नोटिसांचे मेल पण खूप फिरतात.

प्रश्न (गडहिंग्लज): काका, एका क्लायंटचे वडील नोव्हेंबरमध्ये वारले. पेन्शन होती, टीडीएस कापलाय. मुलगा म्हणतो बाबांचं सिमकार्ड चालू आहे, ओटीपी येतो, नेहमीसारखं भरून टाका. भरू का?

ताई, नको. तो मुलगा फसवायला म्हणत नाहीये, त्याला सोपं वाटतंय एवढंच, पण गेलेल्या माणसानं व्हेरिफाय केलेलं रिटर्न म्हणजे उद्या त्यालाच त्रास. मुलानं स्वतःच्या लॉगिनमधून वारस म्हणून रजिस्टर करायचं, प्रतिनिधी म्हणून नोंदणीचा पर्याय आहे त्यात. मृत्यू दाखला, दोघांचे पॅन, आणि वारस असल्याचा कागद लागतो, वारस दाखला किंवा फॅमिली पेन्शनचं पत्र किंवा रजिस्टर मृत्युपत्र. खात्याची मंजुरी आली की मग भरायचं. मंजुरीला दिवस लागतात, म्हणून जुलैची वाट बघू नका.

बाबांच्या रिटर्नमध्ये १ एप्रिलपासून गेले त्या तारखेपर्यंतचंच उत्पन्न. नंतरचं ठेवीचं व्याज वारसाकडं, आणि आईला सुरू झालेली फॅमिली पेन्शन आईच्या रिटर्नमध्ये. ही फॅमिली पेन्शन इतर उत्पन्नात जाते, पगारात नाही. आणि कागद मागताना एकदम यादी हातात देऊ नका, पहिल्या भेटीत दाखला आणि पॅन एवढंच मागा, बाकीचं दुसऱ्या फेरीला. दिवस-कार्य नुकतंच झालेलं घर असतं ते.

प्रश्न (जयसिंगपूर): नवीन आयकर कायदा आला म्हणतात, मग आता रिटर्नला कुठली कलमं?

२०२५ चा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू. २०२५-२६ मध्ये कमावलेल्या उत्पन्नाचं रिटर्न जुन्या १९६१ च्याच कायद्यानं, असेसमेंट इयर २०२६-२७. तिथून पुढच्या कमाईला नवीन कायदा, आणि त्यात प्रिव्हियस इयर, असेसमेंट इयर जाऊन एकच टॅक्स इयर. क्लायंटचा यात सगळ्यात जास्त गोंधळ होणार, तेव्हा पावतीवर, फाईलवर "कमाईचं वर्ष" असं साध्या मराठीत लिहायला सुरुवात करा.

प्रश्न (राजारामपुरी): मी सगळ्या क्लायंटच्या पोर्टलवर माझाच मोबाईल आणि मेल टाकलाय, ओटीपीसाठी सारखं फोन करावे लागत नाहीत. काही जण म्हणतात हे चुकीचं आहे. सोयीचं तर आहे.

सोयीचं आहे, मी पण बरीच वर्षं तेच करत होतो. २०१९ साली थांबलो, कसा ते सांगतो.

त्या वर्षी जुलैच्या सुरुवातीला एका दुकानदाराचं रिटर्न भरलं होतं. शेअर्समध्ये त्याला मोठा तोटा झाला होता, तो पुढच्या वर्षांत वळवून घ्यायचा होता. महिनाअखेर १३९(९) ची नोटीस आली, रिटर्न डिफेक्टिव्ह, १५ दिवसांत दुरुस्त करा. मेल माझ्या पत्त्यावर, मेसेज माझ्या नंबरवर, आणि जुलैअखेरच्या गर्दीत शेकडो मेसेजमध्ये तो मी उघडलाच नाही. मग ऑगस्ट उजाडला आणि पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी कधीच ओलांडली. माझ्या ऑफिसात कमरेएवढं पाणी. फायली वरच्या मजल्यावर नेताना फोन भिजला, लाईट नाही, पाणी उतरल्यावर आठवडा नुसता चिखल काढण्यात गेला. सप्टेंबरमध्ये पोर्टल उघडलं तेव्हा मुदत गेलेली होती आणि रिटर्न इनव्हॅलिड. परत भरलं ते उशिराचं रिटर्न म्हणून, आणि उशिराच्या रिटर्नमध्ये असा तोटा पुढं नेता येत नाही. लेट फी मी माझ्या खिशातनं भरली, पण तोटा मी भरून देऊ शकत नव्हतो. तो माणूस मला काही बोलला नाही. एवढंच विचारलं, "मला मेसेज आला असता तर मी तुम्हाला फोन केला नसता का?"

त्याचं दुकान उंचावर होतं, पाणी तिकडं गेलंच नव्हतं. फोन चालू होता त्याचा.

तेव्हा पोर्टलवर मुख्य मोबाईल आणि मेल क्लायंटचाच. आपला हवा तर दुसऱ्या क्रमांकाला टाका, तशी जागा आहे. पासवर्डची वही जी आपण सगळे ठेवतो ती बंद करणं एका वर्षात जमणार नाही हे मला माहीत आहे, पण निदान ती टेबलावर उघडी पडू देऊ नका, त्यात लोकांचे पॅन, जन्मतारखा सगळं असतं. नंबर बदलताना नवीन मोबाईलवर आणि मेलवर ओटीपी जातो, म्हणजे क्लायंट समोर असलेला बरा, म्हणून हे काम तो रिटर्नला येतो त्याच दिवशी उरकून घ्या. मेल नसेल तर तिथंच त्याच्या फोनवर काढून द्या, पाच मिनिटं लागतात. आणि ई-व्हेरिफिकेशन ३० दिवसांत, तेही तो खुर्चीतनं उठायच्या आधी.