वाचकांचे प्रश्न : रोबोचा हात हवेच्या जोरावर

प्रश्न : आमच्या स्पर्धेच्या रोबोला ८० सेंटिमीटर लांबीचा, अर्धा किलो वजनाचा हात असून त्याच्या टोकाशी २ किलोची वस्तू उचलायची आहे. बिजागरीपासून १० सेंटिमीटरवर २५ मिलिमीटर बोअरचा (आतल्या व्यासाचा) न्यूमॅटिक, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारा सिलिंडर जोडला आहे आणि हवेचा दाब ६० पीएसआय (दाब मोजण्याचे एकक) आहे. हात आडवा असताना हलतच नाही. थोडा वर धरला की मात्र आपोआप वर जातो. मोठा सिलिंडर घ्यावा का, की मोटर लावावी?

उत्तर : सिलिंडर बदलण्याआधी तो कोणत्या कोनात बसवला आहे ते पाहावे. ६० पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४.२ किलोचा जोर. २५ मिलिमीटर बोअरच्या पिस्टनचे क्षेत्रफळ ४.९ चौरस सेंटिमीटर, म्हणून आपल्याला जवळपास २० किलोचा जोर मिळतो. हात आडवा असताना टोकाची वस्तू जोडणीपेक्षा आठ पट दूर असल्याने तिचे १६ आणि हाताचे अर्धा किलो वजन मध्यावर, म्हणजे चार पट दूर असल्याने त्याचे २ असे १८ किलो जोडणीच्या जागी पेलावे लागतात. म्हणजे सिलिंडर हाताशी काटकोनात असता, तर हे काम काठावर का होईना, झाले असते. परंतु तो ३० अंशांच्या कोनात असेल, तर त्याचा निम्माच जोर हात फिरवण्याच्या कामी येतो आणि उरलेला बिजागरीवर नुसता ताण देतो. हात वर जाऊ लागला की हा कोन सुधारतो आणि भाराचा विरोधही घटतो. आपल्याला दिसलेल्या वर्तनाचे बहुधा हेच कारण असावे.

४० मिलिमीटरचा सिलिंडर लावल्यास जोर अडीच पट होईल, पण तेवढ्याच स्ट्रोकला (पिस्टनच्या सरकण्याच्या अंतराला) हवाही अडीच पट लागेल. फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनसारख्या स्पर्धेत हवा साठवण्याच्या टाकीत १२० आणि सिलिंडरकडे ६० पीएसआय एवढीच मर्यादा असते, आणि टाकीचा दाब ६०च्या खाली उतरला की पुढे पूर्ण जोर मिळत नाही. त्यामुळे सिलिंडरचा खालचा टेकू सरकवून सुरुवातीचा कोन ६० अंशांच्या पुढे न्यावा, जोडणी १५ सेंटिमीटरवर घ्यावी आणि त्यासाठी लांब स्ट्रोकचा सिलिंडर निवडावा, हे मला अधिक पटते. हाताचे वजन पेलण्यासाठी रबराचे पट्टे लावले, तर तेवढा भार हवेवरून उतरतो.

हात झटक्याने वर जाऊन आदळू लागला, तर फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह (हवेचा प्रवाह कमी-जास्त करणारी झडप) हवा बाहेर पडण्याच्या वाटेवर लावावा. आत येणारी हवा अडवली तर हात अडखळत सरकतो.

मोटरचा विचार मात्र उंची किती ठिकाणी हवी यावरून करावा. वर आणि खाली एवढ्या दोनच स्थिती असतील, तर हवेइतके हलके आणि वेगवान साधन सापडणे कठीण. वेगवेगळ्या स्ट्रोकचे दोन सिलिंडर पाठीला पाठ लावून जोडले, तर चार स्थिती मिळतात. त्यापलीकडे हवी त्या उंचीवर थांबणारा हात हवा असेल, तर मोटरच लावावी, कारण हवा दबते आणि भार बदलला की मधे थांबवलेला हात खाली-वर होतो.

आणखी एक गोष्ट, जी आपण विचारलेली नाही : बॅटरी काढली तरी टाकीतला दाब तसाच राहतो. हाताखाली काम करण्यापूर्वी हवा सोडण्याचा व्हॉल्व्ह उघडून दाबमापक शून्यावर आल्याची खात्री करावी आणि हाताला खालून भक्कम आधार द्यावा.