कंबोईला पहिल्यांदा येताय?

काका, वडोदऱ्याहून कावी-कंबोईला, म्हणजे गुजरातेत खंभातच्या आखाताकाठच्या गावाला, किनाऱ्यावर चालायला निघायचं तर आधी तिथी बघा, मग गाडी ठरवा. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या आसपास जातो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणून चालायला अष्टमीच्या आसपासचा दिवस बरा. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, मागच्या आठवड्याची वेळ धरून बसू नका. ओहोटीनंतरचा गाळ वरून सुकलेला दिसतो, पण पाय पोटरीपर्यंत रुततो आणि हिसका देऊन काढला की गुडघा दुखावतो. कडक जमीन सोडू नका. नाडीचे बूट, दीड लिटर पाणी, औषधाच्या गोळ्या वरच्या खिशात. सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवायचं. मागे राहिला तर तो पोहोचेपर्यंत बाकीच्यांची विश्रांती संपलेली असते, त्याला बसायलाच मिळत नाही.