संस्थांच्या अभ्यासात सरासरी का फसते?

तुम्ही विचारलंय की एमबीएला सगळीकडे बेल कर्व्ह (घंटेच्या आकाराचा आलेख: बहुतेक गोष्टी सरासरीजवळ, टोकाच्या जवळजवळ नाहीतच) शिकवतात, मग काही अभ्यासक संस्थांसाठी ‘पॉवर लॉ’ का धरतात. मी हिंगणघाट तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, हिशेब लिहितो. आमच्याकडच्या आगीवरूनच सांगतो.

कापसात खडा किंवा लोखंडाचा तुकडा आला की मशीनमध्ये ठिणगी पडते. हंगामात हे चालूच असतं. जळका वास आला की मजूर धावतात, दोन बादल्या पाणी मारलं की संपलं, पाच-दहा किलो रुई जाते. एका वर्षी मात्र आवक एवढी होती की कापसाच्या दोन गंज्यांमधून माणूस आडवासुद्धा जाऊ शकत नव्हता. ठिणगी नेहमीचीच होती. दुपारपर्यंत चार गंज्या राख झाल्या. काही कास्तकारांचं चुकारं (कापसाचे पैसे) व्हायचं होतं, ते फाटकाशी नुसते बघत उभे होते. नंतर वही काढून बेरीज केली, तर आधीच्या सगळ्या आगींचं नुकसान मिळूनही त्या एका दुपारएवढं भरेना.

गावात कितीही उंच माणूस आला तरी उंचीची सरासरी जागची हलत नाही. इथे एका घटनेनं सगळी सरासरी उलटीपालटी होते. पॉवर लॉमध्ये आकार दहापट झाला की घटनांची संख्या एका ठरावीक पटीनं घटते, आकार लहान असो की मोठा. त्यामुळे प्रचंड घटना विरळ असतात, पण बेल कर्व्ह सांगतो तितक्या अशक्य नसतात. १९६३ साली गणितज्ञ मँडलब्रॉट यांनी हे अमेरिकेतल्या कापसाच्याच भावांच्या चढउतारांवरून दाखवलं. २००१ मध्ये रॉबर्ट अ‍ॅक्स्टेल यांना अमेरिकेतल्या कंपन्यांच्या आकारातही तोच नियम सापडला.

कारण काय? २००७ मध्ये आंद्रियानी आणि मॅकेल्वी या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी मांडलेलं मला पटतं: बेल कर्व्ह घटना एकमेकींपासून सुट्या आहेत असं धरून चालतो, आणि संस्थेत माणसं, पैसा, माल सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. आमच्या गंज्यांसारखं. अर्थात आमच्या एका वहीवरून पॉवर लॉ सिद्ध होत नाही, त्याला भरपूर आकडे लागतात.

तुमच्या प्रोजेक्टमध्ये सगळ्यात मोठी घटना वगळून सरासरी पुन्हा काढून बघा. आम्ही आता दोन गंज्यांमध्ये ट्रॅक्टर जाईल एवढी वाट सोडतो. आवक वाढली की मालक ती भरायला सांगतात, आणि मी दरवर्षी भांडतो.