रजा उलटली, लाल शाई लागली: फौजी कायद्यावर वाचकांचे प्रश्न

मुलगा पायदळात शिपाई आहे. आईच्या ऑपरेशनमुळे रजा संपून 11 दिवस झाले तरी घरीच आहे. गाव म्हणतं, आता तो भगोडा ठरणार. खरं का?

इतक्यात नाही. आर्मी ॲक्ट, 1950 मध्ये रजा उलटून राहणं कलम 39 खाली येतं, कमाल 3 वर्षं कैद. पळून जाणं कलम 38 खाली: एरवी 7 वर्षांपर्यंत, ॲक्टिव्ह सर्व्हिसवर, म्हणजे युद्धाच्या किंवा कारवाईच्या कामगिरीवर असताना, मृत्युदंडापर्यंत. परतायचंच नाही असा इरादा होता का, यावर सगळं ठरतं. गैरहजेरीला 30 दिवस झाले की कोर्ट ऑफ इन्क्वायरी (लष्करी चौकशी) बसते आणि त्यानंतरही जवान हजर झाला नाही, तर कायदा त्याला भगोडाच धरतो. डॉक्टरचा दाखला म्हणजे रजा नव्हे, हे मात्र घरच्यांना पटत नाही. आजच युनिटला फोन करा, रजावाढीचा अर्ज पाठवा आणि हॉस्पिटलचे कागद हातात देऊन त्याला गाडीत बसवा. स्वतःहून हजर झालेल्याचं प्रकरण बहुधा सीओंच्या, म्हणजे युनिटच्या कमांडिंग ऑफिसरच्या, पातळीवरच मिटतं. तिथेही कलम 80 खाली 28 दिवसांपर्यंत कैद होऊ शकते, हे धरून चला.

भाच्यावर कलम 63 लावलंय, मनाई असलेल्या जागी मोबाइल वापरला म्हणून. हे कसलं कलम?

शिस्तीला बाधक असं काहीही, जे दुसऱ्या कलमात बसत नाही, ते इथे येतं. कमाल शिक्षा 7 वर्षं. कलम ऐसपैस असलं तरी आरोप मोघम चालत नाही. कधी, कुठे, काय केलं ते लिहावंच लागतं. सीओंसमोरच्या सुनावणीत साक्षीदारांना प्रश्न विचारायचा हक्क त्याला आहे. आपली पोरं तिथे सावधानमध्ये गप्प उभी राहतात!

ड्यूटी नसताना दारू चढली तर?

तरीही गुन्हाच. कलम 48, ड्यूटीवर नसलेल्या जवानाला सहा महिन्यांपर्यंत कैद.

12 वर्षं नोकरी, चार रेड इंक एंट्री (रेकॉर्डवर लाल शाईने झालेल्या शिक्षेच्या नोंदी). घरी पाठवतीलच का?

आपोआप नाही. वीरेंद्रकुमार दुबे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये सांगितलं, की चार नोंदींचा आकडा भरला म्हणून डिस्चार्ज देता (नोकरीतून काढता) येत नाही. चौकशी हवी, चुका किती गंभीर होत्या, नोकरी किती झाली, कठीण ठिकाणी किती काढली, हे पाहायला हवं. जवानाची पेन्शन 15 वर्षांवर, म्हणून तुमची तीन वर्षं मोलाची. शो कॉज नोटिशीच्या उत्तरात प्रत्येक खडतर पोस्टिंग लिहा. डिस्चार्ज झालाच, तर अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जा. मुंबईत त्याचं खंडपीठ आहे.